हंबाई भांडायला शिकतात

शाळेत समुपदेशक नेमायचं ठरलं तेव्हा पद होतं, पगार होता, फक्त खोली नव्हती. म्हणून नकाशांची खोली रिकामी करण्यात आली. रिकामी म्हणजे, नकाशे गुंडाळून भिंतीला टेकवले आणि उरलेल्या जागेत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक बाई बसवण्यात आली. तेव्हापासून या शाळेतली मुलं आपापली दुःखं सगळ्या खंडांच्या साक्षीनं सांगत आली आहेत. कुणाचे आईबाप भांडतात, कुणाला प्रयोगशाळेचा नुसता वास आला तरी पोटात कालवतं, कुणाशी जिवलग मैत्रीण कालपासून बोलत नाही. आफ्रिका आणि दोन्ही अमेरिका हे सगळं ऐकून घेतात, आणि बाई 'हं' म्हणतात.

मुलांनी त्यांचं नाव हंबाई ठेवलं. कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ठेवणारा हुशार असावा, कारण बाईंच्या दोन्ही पदव्या आणि सगळा अनुभव त्या एका अक्षरात मावतो. त्यांचा एक 'हं' म्हणजे, पुढे बोल. एक म्हणजे, हे खोटं आहे पण चालू दे. आणि एक लांब, पायऱ्या उतरत जावा तसा 'हं' होता. तो आला की भली दांडगी मुलंसुद्धा नाक ओढायला लागत.

खुर्च्यांचंही एक शास्त्र होतं. बाईंच्या खोलीत खुर्च्या कधी समोरासमोर नसत. समोरासमोर बसलं की पोलीस चौकी वाटते, शेजारी-शेजारी बसलं की बसथांबा. थोडं तिरकं बसलं की माणूस बोलतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कुठेही गेल्या की त्या बसण्याआधी खुर्ची जराशी वळवून घेत. लग्नकार्यात, बँकेत, दंतवैद्याकडेही. दंतवैद्याची खुर्ची जमिनीला पक्की बसवलेली असते, हे त्यांना दर वेळी नव्यानं कळे.

घरी चष्मेवाले होते. बाईंच्या यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि ते दिवसभर लोकांना विचारत, "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?" घरी आल्यावर ते, दिवसभरात कुणाला काय दिसलं नाही, ते सविस्तर सांगत. बाई ऐकत. संसार सुखाचा होता. एक बोलणारा, एक ऐकणारी, आणि भांडायला कुणी उरलेलंच नाही. दुकानदारानं शिळा पाव दिला तर परत करायला चष्मेवाले जात. बाई गेल्या तर दुकानदाराच्या गुडघेदुखीची सगळी हकिगत आणि तोच पाव घेऊन परत येत.

अशा बाईंच्या नशिबी भांडायला शिकवणं आलं.

झालं ते असं. वरच्या कचेरीत कुणाच्या तरी लक्षात आलं की शाळेतले समुपदेशक मुलांना परिस्थितीशी जुळवून घ्यायला शिकवतात, पण परिस्थितीला मुलांशी जुळवून घ्यायला कुणी सांगत नाही. वर्गात फळा दिसत नाही म्हणून रडणाऱ्या मुलाला धीर देतात, त्याला पुढच्या बाकावर बसवा असं कुणी म्हणत नाही. म्हणून यापुढे समुपदेशकांनी विद्यार्थ्यांचे पाठीराखे व्हावं, आणि तसं त्यांना प्रशिक्षण द्यावं, असं ठरलं. आधी प्रशिक्षकांचं प्रशिक्षण झालं. त्याला बाईंना पाठवलं. दुपारच्या जेवणानंतरही पूर्ण जागं राहून, वक्त्याकडे बघून मान हलवणारी अशी सबंध सभागृहात एकच व्यक्ती होती. वक्ता भारावून गेला. प्रशिक्षक म्हणून पहिलं नाव बाईंचं लागलं.

दर शनिवारी ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर वर्ग भरू लागला. नवे समुपदेशक येत. त्यात एक जण आधी विमा विकायचे, त्यांना सगळे विमावाले म्हणत. आणि एक नुकती शिकून बाहेर पडलेली मुलगी होती, ती बाईंच्याच शाळेत मदतनीस म्हणून लागली होती. तिला सगळे नवी म्हणत. ती वर्षभरानंतरही नवीच राहिली.

"बाई, पाठीराखा म्हणजे नेमकं काय करायचं?" विमावाल्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. "मुलाच्या वतीनं भांडायचं?"

"भांडायचं नाही. बोलायचं."

"आणि समोरच्यानं ऐकलं नाही तर?"

बाईंनी थोडा विचार केला. "मग परत बोलायचं."

"म्हणजे भांडायचंच," विमावाले समाधानानं म्हणाले आणि वहीत तसं लिहून घेतलं.

पहिला गृहपाठ बाईंनी सोपा दिला. सकाळी आपल्या शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं. बोलायचं नाही, समजवायचं नाही, कुणाच्या पाठीवर हात ठेवायचा नाही. फक्त, कोण आत येतं आणि कोण अडतं, ते बघायचं. पाठीवर हात ठेवायचा नाही, हे पुष्कळांना जड गेलं.

नवी आठवडाभर फाटकाशी उभी राहिली, शेवटच्या दिवशी न राहवून अडलेल्या मुलांशी बोललीही, आणि शनिवारी आली ती रागानं लाल झालेली.

"बाई, आपली भिंगरी रोज बाहेर असते."

भिंगरी शेवटच्या वर्षाची मुलगी. शाळेच्या शर्यतीत सगळ्यांत पुढे पळायची, म्हणून हे नाव. आणि सगळ्यांत उशिरा यायचीही तीच. मुख्याध्यापकांचा नियम असा की घंटा थांबली की फाटक बंद, आणि बंद झालेलं फाटक मधल्या सुट्टीला उघडणार. म्हणजे उशीर झाला की अर्धा दिवस गैरहजर. असे इतके अर्धे दिवस साठले होते की भिंगरीला अंतिम परीक्षेला बसता येणार नव्हतं. कोण बसणार हे महिनाअखेरीला वर कळवायचं होतं, आणि तिचं नाव त्यात नव्हतं. नाव गेलं नाही तर वर्ष वाया. आणि वर्ष वाया गेलं तर आईच्या धुलाईखान्यात कामाला, हे तिच्या घरी कुणी न बोलता ठरून गेलेलं होतं.

बाईंना ही मुलगी माहीत होती. मागच्याच सहामाहीत तिला 'वेळेचं नियोजन' या विषयासाठी त्यांच्याकडे पाठवलं होतं. दोघींनी मिळून रंगीत खडूंनी सुरेख वेळापत्रक केलं होतं. उठण्याला पिवळा, अंघोळीला निळा. त्यात आजोबांसाठी रंगच नव्हता, कारण आजोबांबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

"आजोबांना सोडून यावं लागतं तिला," नवी म्हणाली.

"कुठले आजोबा?" बाईंनी विचारलं.

"तिचे. त्यांना आता काही आठवत नाही. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात पहाटेच्या पाळीला जाते. म्हणून भिंगरी आजोबांना म्हाताऱ्यांच्या दिवसकेंद्रात सोडून शाळेत येते. आणि केंद्र उघडतं कधी? आपली घंटा होते तेव्हा."

"म्हणजे ती कितीही लवकर उठली तरी..." कुणीतरी म्हणालं.

"पिवळा रंग वायाच गेला," विमावाले म्हणाले.

मग तयारी झाली. काय मागायचं, कसं मागायचं, मुख्याध्यापक काय म्हणतील आणि त्यावर काय म्हणायचं. 'नियम चांगल्या हेतूनं केलाय हे मान्य, पण तो या मुलीला शाळेबाहेर ठेवतोय,' हे वाक्य बाईंनी सगळ्यांसमोर इतक्यांदा म्हणून दाखवलं की खाली ग्रंथपालालाही पाठ झालं.

सोमवारी बाई आणि नवी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

मुख्याध्यापक वाईट माणूस असते तर सगळं सोपं झालं असतं. ते थकलेले, नीटनेटके, शर्टाच्या खिशाला पेन समांतर लावणारे गृहस्थ होते.

"सर," बाई म्हणाल्या, "शेवटच्या वर्गातल्या एका मुलीबद्दल..."

"परीक्षेचं ना? माहीत होतं मला. बसा." त्यांनी डोळे चोळले. "बाई, तुम्हाला काय वाटतं, फाटक बंद करताना मला आनंद होतो? सगळ्यांना वाटतं मी राक्षस आहे."

इथे ते वाक्य म्हणायचं होतं. बाईंनी श्वास घेतला, खुर्ची जराशी वळवून घेतली, आणि म्हणाल्या,

"हं."

तो पायऱ्या उतरणारा 'हं' होता.

मुख्याध्यापक टेबलामागून उठून अलीकडच्या खुर्चीत येऊन बसले. "मी आलो तेव्हा या शाळेत कुणाला कशाचा धरबंध नव्हता, बाई. शिक्षक चहा पिऊन यायचे, मुलं शिक्षक आले की यायची. मी भाषणं केली. घंटा बदलली, मोठी आणली. कुणीऽऽ ऐकलं नाही. सबंध शाळेत माझं ऐकलं ते एकट्या फाटकानं."

"हे सगळं तुम्ही एकट्यानं सांभाळलंत," बाई म्हणाल्या.

"एकट्यानं!" त्यांचा आवाज जड झाला. "घरी तरी कोण विचारतं? घरी गेलो की म्हणतात, आले हेडमास्तर."

"आणि ते ऐकताना..."

"लागतं हो, बाई."

चहा आला. मुख्याध्यापकांचं बालपण आलं, त्यांचे कडक वडील आले, बदली झालेला एकुलता एक मित्र आला. नवीनं टेबलाखालून बाईंच्या पायाला पाय लावून पाहिला. बाईंनी पाय समजूतदारपणे बाजूला घेतला. शेवटी मुख्याध्यापक उठले, खिडकीपाशी गेले आणि त्यांनी छातीभर श्वास घेतला.

"काय हलकं वाटतंय! बाई, तुम्ही दर गुरुवारी येत चला."

बाहेर जिन्यात नवी थांबली. "बाई, भिंगरीचं?"

बाईही थांबल्या. कठड्याला धरून त्यांनी मागचं सगळं संभाषण आठवून पाहिलं.

"राहिलं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी हे घरी सांगितलं. चष्मेवाले आयुष्यात पहिल्यांदा मध्ये न बोलता ऐकत होते.

"म्हणजे दिसत नव्हतं मुलीला," ते शेवटी म्हणाले, "आणि चष्मा तू सरांना लावून आलीस."

"अहो, त्यांनाही दिसत नव्हतंच."

"असेल. पण रांगेत मुलगी आधी होती, अगं."

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण वाईट बोललो असतो तर माफी मागता आली असती. आपण फार चांगलं बोललो होतो, आणि त्याची माफी कुणाकडे मागायची?

शनिवारी त्यांनी ही फजिती वर्गापुढे जशीच्या तशी ठेवली. सगळ्यांना हसू आलं. मग बाईंनी विमावाल्यांना मुख्याध्यापक केलं आणि एकेकाला त्यांच्यापुढे बसवलं. विमावाल्यांनी एक खोल उसासा सोडला आणि म्हणाले, "माझं कुणी ऐकतच नाही." बस्स. पहिली होती ती मान हलवायला लागली. दुसरा म्हणाला, "तुम्हाला किती एकटं वाटत असेल." तिसरीनं रुमाल काढून दिला. सगळा वर्ग, हसणाऱ्यांसकट, ओळीनं त्याच खड्ड्यात पडला. विमावाल्यांना तर शेवटी शेवटी खरंच भरून आलं.

"आपली चूक नाही हो बाई ही," नवी म्हणाली. "आपल्याला शिकवलंच असं. समोरचा दुःखी दिसला की आपण त्याचे झालो."

"मग समोर त्यांना बसवूच नका," विमावाले नाक पुसत म्हणाले.

"म्हणजे?"

"सवय जात नाही ना? नको जाऊ दे. पण समोर मुलीला बसवा. मान हलवायचीच तर तिच्याकडे बघून हलवा."

बाईंनी उठून वर्गातल्या दोन खुर्च्या हलवून पाहिल्या. एक मुलीची. तिच्याकडे तिरकी वळलेली आपली. आणि टेबलामागे मुख्याध्यापक, ज्यांना आता दोघींचं बोलणं ऐकण्यावाचून इलाज नाही.

भिंगरीला विचारलं तेव्हा ती दचकली. "मी? सरांसमोर? मला नाही येणार मागायला."

"मागायचं मी बघते," बाई म्हणाल्या. "तू फक्त सकाळ सांग. आणि मध्येच नको वाटलं तर नाही सांगितलंस तरी चालेल. आपण उठून येऊ."

भिंगरीनं नखं बघितली. "आजोबांचं हसू नाही ना करणार ते?"

"मी असेन ना तिथे."

या वेळी गेल्या तेव्हा मुख्याध्यापकांचा चेहरा उजळला. "या या! आज गुरुवार नसूनसुद्धा!" मग मागून भिंगरी आणि नवी आत आल्या, आणि उजेड थोडा कमी झाला.

बाईंनी खुर्ची ओढून भिंगरीकडे वळवली. मुख्याध्यापकांकडे त्यांचा आता फक्त उजवा खांदा होता.

"सांग. उठल्यापासून."

भिंगरी आधी जमिनीशी बोलत होती. "आई अंधारातच जाते. मी आजोबांना उठवते. ते रोज विचारतात, तू कोण. मी सांगते. मग आम्ही निघतो."

"हं."

"मग उशीर होतो कारण आजोबांना रस्त्यातली प्रत्येक पाटी वाचायची असते. न वाचता पुढे येतच नाहीत. केशकर्तनालय आलं की दोनदा वाचतात, आवडतं त्यांना ते." ती जराशी हसली. "पण लवकर निघून तरी काय करू, केंद्रच उघडलेलं नसतं."

"मग केंद्राच्या बाहेर बसवून यायचं ना बाळ," मुख्याध्यापक म्हणाले. "तिथे बाक असेल."

"एकदा बसवलं होतं, सर. ते बसमध्ये चढले आणि शेवटच्या थांब्यावर सापडले. कंडक्टरशी गप्पा मारत होते. त्यांना मजा आली. आई खूप रडली."

मुख्याध्यापकांनी खिशातलं पेन काढलं आणि परत लावलं. "हे मला कधी कुणी सांगितलं नाही."

"मी शिपाईमामांना सांगितलं होतं. ते म्हणाले, सरांना सांग." भिंगरीनं पहिल्यांदाच वर बघितलं. "पण सर, तुम्ही आत असता आणि मी बाहेर."

मुख्याध्यापकांनी सावकाश डोळे चोळले, आणि त्यांचा स्वर सोमवारच्या वळणावर गेला. "बाई, तुम्ही तरी समजून घ्या. एकीला सोडलं की उद्या सगळे माझ्या डोक्यावर बसतात. माझी काय अवस्था होते हे इथे कुणालाच..."

बाईंची मान हलायला लागली. नवी खोकली. बाईंनी मान जिथल्या तिथे थांबवली. त्याला किती बळ लागलं ते दिसत होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमचं गुरुवारी. आत्ता हिचं."

मुख्याध्यापकांचं तोंड तसंच उघडं राहिलं. बाईंनी ती शांतता भरून काढली नाही. दुसऱ्याच्या शांततेत न बोलता बसणं ही त्यांची जन्माची कमाई होती; ती त्यांनी आज पहिल्यांदा कुणाच्या तरी विरुद्ध वापरली.

"काय हवंय तुम्हाला?" मुख्याध्यापकांनी शेवटी विचारलं.

"हिच्या त्या सकाळी उशीर म्हणून धरा, गैरहजर म्हणून नको. तो अधिकार तुमचा आहे, आम्ही बघून आलोय. आणि फाटकाशेजारचं छोटं दार पहिला तास संपेपर्यंत उघडं ठेवा. सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी कशाला? हिच्यापुरतं बघतो ना मी."

"बाहेर ही एकटी नसते, सर," नवी म्हणाली. "एकाची बसच घंटेनंतर येते. एक मुलगी चाकांच्या खुर्चीत असते. तिच्या इमारतीतली लिफ्ट बंद आहे, शेजारी उठून तिला खाली उतरवतात तेव्हा ती निघते."

"ती? मला वाटलं ती आळशी आहे," मुख्याध्यापक हळूच म्हणाले. मग सावरून, "अर्धा तास ठेवतो दार."

"नाही," बाई म्हणाल्या. आपण काय म्हणालो हे ऐकून त्या स्वतःच थोड्या दचकल्या. "पहिला तास पूर्ण."

"आणि शिस्त, बाई?"

"आत आलेल्याला शिस्त लावता येते, सर. बाहेर उभ्या असलेल्याला कशी लावणार?"

मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "हे असं बोलायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मीच शिकवते, सर. शनिवारी."

ते हसले. मनापासून नाही, पण हसले. 'परीक्षेपर्यंत करून बघू' असं म्हणाले. हा होकार म्हणायला थोडा तोकडा होता, पण कामाला पुरेसा होता. दुसऱ्या दिवसापासून छोटं दार उघडं राहिलं. मुख्याध्यापक स्वतः पहिल्या सकाळी तिथे जाऊन उभे राहिले, लोंढा कसा येतो ते बघायला. लोंढा आला नाही. पाच-सहा मुलं आली, धापा टाकत, आणि सरांना बघून परत फिरायला निघाली. त्यांना हाका मारून आत बोलवावं लागलं. हे काम मुख्याध्यापकांना नवीन होतं. जमलं त्यांना.

गुरुवारच्या बैठकाही चालू राहिल्या. नवीला ते पटत नव्हतं. बाईंचं म्हणणं, माणूस ऐकून घेण्यासारखा आहे, फक्त वार वेगळा पाहिजे.

महिनाअखेरीला भिंगरी नकाशांच्या खोलीत आली ती दारातच उभी राहिली.

"गेलं का नाव?"

"गेलं."

"म्हणजे मी परीक्षेला बसणार?"

"बसणार."

तिनं दाराची कडी दोनदा खालीवर केली. चेहऱ्यावर जे काही येत होतं ते तिला आवरत नव्हतं. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं.

"सगळ्या विषयांना?"

"सगळ्या."

"इतिहासालासुद्धा?"

"इतिहासालासुद्धा."

"बाई," भिंगरी पुढे येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "त्याचं काही सरांशी बोलून बघता येणार नाही का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "जा, तास सुरू झालाय."

भिंगरी गेली. व्हरांड्यातून तिचे पळते पाय ऐकू आले, आणि मग वर्गाचं दार उघडल्याचा आवाज.